तिसावी मात्रा

ऊतीने 'बी' रक्तगटाचा रंग धरला तेव्हा दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी चकती धुतली, नवे द्रावण घेतले आणि चाचणी पुन्हा केली. रंग तोच आला. मग नळीवरचा क्रमांक तपासला. तोही बरोबर होता. तो माझ्या धाकट्या भावाचा, शार्दूल इंगवलेचा होता.

शार्दूलचा रक्तगट 'ओ' आहे. आईचा, वडिलांचा आणि माझाही 'ओ'च आहे. म्हणजे माझ्यासमोरच्या चकतीत जे धडधडत होते, ते माझ्या भावाचे नव्हते.

चार वाजता कोल्हापुरात शार्दूलची राज्य किताबाची अंतिम कुस्ती होती. मी मिरजेच्या प्रयोगशाळेत होते. आणि त्या चकतीतल्या ऊतीच्या भरवशावर तो कुस्तीपूर्वी दंडात सुई टोचून घेणार होता.

'प्रतिहृदय' हे नाव वर्तमानपत्रांनी दिले. प्रत्यक्षात ते हृदय नाही. चमचाभर रक्तातील पांढऱ्या पेशी घ्यायच्या, रसायनांच्या साहाय्याने त्यांना गर्भातल्या पेशींसारखे कोरे करायचे आणि मग हृदयस्नायू व रक्तवाहिन्यांचे अस्तर होण्याच्या दिशेने वळवायचे. पूर्वी याला महिने लागत, आता अकरा दिवस लागतात. हाती येते ती तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, आपणहून धडधडणारी ऊती. तिला उत्तेजक संप्रेरकाची वाढती मात्रा द्यायची आणि ठेका कधी मोडतो ते पाहायचे. विश्रांतीच्या पातळीच्या जितक्या पटीला ठेका मोडेल, तो त्या माणसाचा 'सीमांक'. सरासरी सीमांक पाच असतो. तीनच्या खाली असेल त्याला स्पर्धेत उतरता येत नाही. एका हंगामात चार तरुण मल्ल आखाड्यातच कोसळून गेले, त्यानंतर हा नियम झाला.

नियमात आणखी एक कलम आहे. आकडा खेळाडूला सांगायचा नाही. 'योग्य' किंवा 'अयोग्य' एवढेच कळवायचे. हे कलम कोणी लिहिले ते मला ठाऊक नाही, पण त्याला माणसांची पारख असावी. मी ते मोडले. मार्चमधल्या एका सकाळी शार्दूल आईच्या स्वयंपाकघरात भिजवलेले बदाम सोलत बसला होता. मी त्याला म्हणाले, "सात पूर्णांक चार. आमच्याकडचा या वर्षीचा सर्वांत वरचा."

तो हसला. "म्हंजे इंजिन डिझेलचं हाय म्हण की आक्का."

त्याआधी तो मोठ्या कुस्तीला कधीमधी 'करंट' घेत असे. त्या इंजेक्शनला तालमीत हेच नाव आहे. त्यानंतर तो प्रत्येक कुस्तीला घेऊ लागला, मग सरावालाही. मी बोलायला लागले की त्याचे उत्तर ठरलेले असे. "सात-चार, आक्का."

त्या दिवशी मी ऊतीचा गट तपासला तो निव्वळ योगायोगाने. रक्तगट ओळखणाऱ्या द्रावणांचा नवा संच आला होता. तो बरोबर चालतो का हे पाहण्यासाठी मला असा नमुना हवा होता, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे.

मी मलगोंडाला फोन लावला.

मलगोंडा पाटील हा शार्दूलचा तालमीतला जोडीदार. वजन तेच, वयही जवळपास तेच, आणि दहा वर्षे रोज सकाळी दोघे एकमेकांशीच झोंबत आलेले. मार्चमध्ये गुडघा दुखावल्यामुळे तो या स्पर्धेत नव्हता. कुस्तीच्या दिवशी हिंदुराव वस्ताद सगळ्या पैलवानांचे मोबाइल पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावतात. न खेळणाऱ्या मलगोंडाचा तेवढा सुटला होता.

"मलगोंडा, तुझा रक्तगट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह. का हो आक्का, कुणाला रक्त पाहिजे काय? आत्ता निघतो."

"फेब्रुवारीत आमची माणसं तालमीत रक्त घ्यायला आली होती. शार्दूलचं कार्ड घेऊन कोण बसलं होतं?"

पलीकडे हलगी वाजत होती.

"वस्तादांनी सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "शार्दूलदादानं त्या आठवड्यात करंट घेतलेला. आणि रक्त म्हंजे डोपिंगच असतंय न्हवं? दरसाल कोण ना कोण बसतंयच की. छातीची पट्टी तर दादानं स्वतःच लावली व्हती, चोवीस तास. काळजाचं काम तिच्यातच झालं न्हवं?"

चूक कुठे झाली ते आता स्पष्ट होते. आम्ही दोन गोष्टी घेतो. एक दिवसाचा छातीवरचा आलेख आणि एक नळी रक्त. आलेख केवळ नोंदीपुरता असतो. सीमांक येतो तो रक्तातून. पण हृदय तपासायचे तर यंत्र छातीलाच लागणार आणि रक्त मागायला आलेला माणूस चोरी पकडायलाच आलेला असणार, याबद्दल तालमीत कोणालाही शंका नव्हती. म्हणून पट्टी शार्दूलने प्रामाणिकपणे लावली आणि रक्त प्रथेप्रमाणे दुसऱ्याने दिले. आमच्या माणसालाही कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांत फरक दिसला नाही. दोघांचेही कान मोडून सुजलेले, दोघांचीही मान खांद्यांत बुडालेली.

"मलगोंडा, नीट ऐक. काळजाचा आकडा रक्तातूनच निघतो. ते सात-चार शार्दूलचं नाही. तुझं आहे."

"माझं?" त्याच्या आवाजात काहीतरी उजळले. मला ते ऐकू आले होते, पण त्याचा अर्थ लावण्याइतका वेळ मी स्वतःला दिला नाही. "सात-चार माझं? खरंच, आक्का?"

"हो. आणि शार्दूलचं किती ते कोणालाच माहीत नाही. त्याला आज सुई घेऊ देऊ नकोस."

"मी कसा अडवू? पिशवी वस्तादांच्या काखेत असतीया. हात लावला तर तालमीतनं हाकलतील."

"किती वाजता घेतो तो?"

"पाऊण तास आधी. सव्वातीनला."

एक वाजून बावन्न मिनिटे झाली होती. अंतर पन्नास किलोमीटर. स्पर्धेच्या उत्तेजकविरोधी पथकाला मी फोन करू शकले असते. त्यांनी दहा मिनिटांत पिशवी जप्त केली असती आणि शार्दूलवर चार वर्षांची बंदी आली असती. मी तो फोन केला नाही. हे इथे नोंदवणे आवश्यक आहे.

गाडीने ऐंशीच्या वर जाण्यास नकार दिला. हल्ली गाड्या असा नकार देतात आणि एरवी मी त्याचे समर्थन करते. जयसिंगपूर मागे पडले. विचार करण्यापलीकडे मला काही काम नव्हते.

'करंट'मधले औषध मुळात शस्त्रक्रियेच्या टेबलासाठी आहे. कमरेखाली भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब कोसळतो, तो सावरायला ते देतात. शरीरातील मज्जातंतूंच्या टोकांशी उत्तेजक रसायनाचा साठा असतो. संकटाच्या वेळी तो थोडाथोडा सुटतो. हे औषध तो साठा एकदम मोकळा करते. रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदय जोराने आकुंचन पावते, थकवा कळेनासा होतो. मल्लाला वाटते की बळ वाढले. वास्तविक बळ होते तेवढेच असते, फक्त थांबण्याची सूचना बंद झालेली असते.

हृदयाच्या बाजूने पाहिले तर चित्र सरळ आहे. स्नायूला जास्त प्राणवायू हवा असतो, आणि त्याच वेळी त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आवळलेल्या असतात. या तफावतीत काही पेशी मरतात. एका वेळी फार थोड्या, छातीत दुखणारही नाही इतक्या. त्यांच्या जागी व्रण भरतो. व्रणातून विजेची लहर जात नाही, ती वळसा घालून जाते. वळसे वाढत गेले की एखादे दिवशी लहर स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरू लागते. मग हृदय धडधडत नाही, नुसते थरथरते. रक्त पुढे जाणे बंद होते. शुद्ध हरपायला दहा-बारा सेकंद पुरतात.

त्यातच शार्दूलने वजनगटात बसण्यासाठी दोन दिवसांत साडेतीन किलो उतरवले होते. रबरी जाकीट घालून धावणे, पाणी तोडणे. घामाबरोबर क्षार जातात आणि क्षार घटले की ठेका आणखी नाजूक होतो. आमची ऊती मात्र कायम पोटभर क्षार असलेल्या द्रावणात बसलेली असते. तिने कधी वजन उतरवलेले नसते.

हातकणंगल्याला रस्त्याचे काम चालू होते. तिथे अकरा मिनिटे गेली. मी मलगोंडाला पुन्हा फोन लावला. त्याने उचलला नाही.

क्रीडासंकुलाच्या दारात पोहोचले तेव्हा तीन वाजून आठ मिनिटे झाली होती. मल्लांच्या खोलीबाहेरचा माणूस म्हणाला, "आत बाईमाणूस चालत न्हाई." मी गळ्यातले ओळखपत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरले. त्यावर हृदयाचे चित्र आहे. तो बाजूला झाला.

शार्दूल बाकावर बसला होता. अंगावर टॉवेल, ओठ सुकलेले, गालांची हाडे वर आलेली. शेजारी हिंदुराव वस्ताद. पासष्टीचे, पांढऱ्या मिश्यांचे, काखेत रेक्झिनची पिशवी. त्यांच्या हातातल्या रुमालात सिरिंज होती, भरलेली. मलगोंडा भिंतीला टेकून खाली पाहत उभा होता. तो काही बोललेला नाही, हे कळायला त्याच्याकडे एकदा पाहणे पुरेसे होते.

"आक्का? तू हितं?"

"ते सात-चार तुझं नाही. रक्त मलगोंडाचं होतं."

शार्दूलने वस्तादांकडे पाहिले. वस्ताद शांत होते. "बरं मग? रक्त त्याचं, छाती ह्याची. यंत्र ह्याच्याच छातीला व्हतं की."

"आकडा रक्तातून निघतो, वस्ताद. छातीच्या पट्टीतून नाही."

मग शार्दूलने विचारले, "मग माझा किती?"

खरे उत्तर मला ठाऊक होते. माहीत नाही, हे ते उत्तर. माझ्या शिक्षणात त्या उत्तराला प्रतिष्ठा आहे. त्या खोलीत नव्हती. माझा भाऊ 'माहीत नाही'चा अर्थ 'कदाचित आठ' असा लावणार होता, आणि घड्याळात सव्वातीन वाजायला तीन मिनिटे बाकी होती.

"तीन-दोन," मी म्हणाले.

आकडा बनवतानाही मी हिशेबीपणा सोडला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तीनच्या खाली सांगितला असता तर त्याला उतरताच आले नसते, आणि मग त्याने तो मानला नसता. चार सांगितला असता तर त्याने घासाघीस केली असती. दशांशामुळे आकडा मोजलेला वाटतो.

वस्ताद माझ्याकडे रोखून पाहत होते. हा माणूस अडाणी मुळीच नव्हता. "पोरी, नमुना उगवायला अकरा दिवस लागत्यात, तूच म्हणाली व्हतीस. मग हा आकडा आज एकदम कुठनं उपटलास?"

"बाबांच्या ऑपरेशनला ह्यानं रक्त दिलं होतं. त्यातलं थोडं आमच्याकडे होतं. पडताळणीसाठी मी आधीच लावून ठेवलं होतं." पहिल्या खोट्याला लागणारे दुसरे खोटे इतके सहज आले की मलाच आश्चर्य वाटले.

"तीन-दोन," शार्दूल स्वतःशीच म्हणाला. मग हसायचा प्रयत्न केला. "शेळीचं काळीज घेऊन फिरतोय म्हण की मी."

वस्तादांनी रुमाल थोडा पुढे केला. "दोन वर्षं ह्या दिवसासाठी घाम गाळलास. समोरचा काय लिंबूपाणी पिऊन येणाराय व्हय?"

शार्दूलने सिरिंजकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. त्याच्या गळ्याशी नाडी उडत होती. ती मला चार फुटांवरून मोजता येत होती आणि मी नकळत मोजत होते.

"ठेवा ती, वस्ताद."

"शार्दूल."

"ठेवा म्हटलं की."

मी त्याला उतरू नकोस असेही सांगितले. ते त्याने ऐकले नाही. शेवटी छातीला पट्टी लावून घेण्यावर तडजोड झाली.

तो सहा-चार गुणांनी हरला. पाचव्या मिनिटापर्यंत तो पुढे होता, मग पाय जड झाले. मी कुस्ती पाहिली नाही. माझ्या हातातल्या पडद्यावर हिरवी रेघ होती आणि मी ती पाहत होते. पंचांनी दुसऱ्याचा हात उंचावला तेव्हा शार्दूल गादीच्या कडेला बसला, आणि त्या रेघेत एकामागून एक रुंद, बेढब ठोके आले. सतरा. मग रेघ पुन्हा सरळ चालू लागली.

"चक्कर आल्यागत झालं," तो नंतर म्हणाला.

अंगात औषध असते तर ते सतरा ठोके सतरावर थांबले असते का? तो प्रयोग झालेला नाही. माझे मत काय आहे ते सांगण्याची गरज नाही.

पुढच्या आठवड्यात हृदयाचे स्कॅन झाले. डाव्या कप्प्याच्या खालच्या भिंतीत तीन व्रण होते. डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला सांगितले.

त्या व्रणांनी मला एका प्रश्नाकडे नेले, जो मी फार आधी विचारायला हवा होता. आमची ऊती अकरा दिवसांची असते. रक्त कोणाचेही घ्या, ती नवजात असते. माणसाने जन्मतः काय आणले ते ती सांगते, नंतर त्याने हृदयाचे काय केले ते तिला माहीतच नसते. शिवाय नियमानुसार एकदा तपासणी झाली की ऊती पुन्हा वापरायची नाही आणि हंगाम संपला की नष्ट करायची, त्यामुळे तीच ऊती दुसऱ्यांदा कोणी पाहिलेली नव्हती.

मलगोंडाच्या रक्तातून वाढवलेल्या तीन ऊती माझ्याकडे शिल्लक होत्या. मी त्या नष्ट केल्या नाहीत. एका इंजेक्शनने रक्तात जेवढी लाट येते तेवढीच, तेवढाच वेळ, एक दिवसाआड द्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन ऊती एकाच वेळी सुरू केल्या. दहा मात्रांनंतर सीमांक सहावर आला. वीस मात्रांनंतर साडेचारावर. म्हणजे सीमांक हा माणसाचा गुणधर्म नव्हताच. ते एका दिवसाचे वाचन होते. दुसरी ऊती सव्विसाव्या मात्रेला थांबली. पहिली एकेचाळिसाव्या. दोन्ही एकाच रक्ताच्या, एकाच तापमानात, शेजारीशेजारी ठेवलेल्या. दुसरी थांबली तेव्हा मी तिसरी सुरू केली.

जूनमध्ये शार्दूलचा फोन आला.

"पुण्याच्या खाजगी लॅबला रक्त दिलं व्हतं मी, तिथं आकडा सांगत्यात. माझं स्वतःचं. सहा-नऊ आला."

"शार्दूल, ती ऊती नवी असते. तुझ्या हृदयावर जे व्रण..."

"डाग-बिग मला सांगू नको. सहा-नऊ, आक्का. आणि तू तीन-दोन म्हणालीस. बाबांच्या ऑपरेशनला दिलेलं रक्त तर त्याच दिवशी बाबांना चढवलं. आईनं सांगितलं मला. तू आकडा बनवलास."

"हो."

त्याने बहुधा नकाराची तयारी ठेवली होती. मग म्हणाला, "माझा किताब घालवलास तू," आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी घरी गेले की तो माडीवर जातो. आई दोघांची ताटे वेगवेगळ्या वेळी वाढते आणि काही विचारत नाही.

सप्टेंबरमध्ये, एका दुपारी, मलगोंडा प्रयोगशाळेत आला. हातात पेढ्यांचा पुडा. मान आणखी रुंद झालेली. डोळ्यांत एक चकाकी होती, आणि तो खुर्चीवर बसल्यावरही त्याचा पाय हलत राहिला.

"पाचवी कुस्ती मारली, आक्का. सलग. वस्ताद म्हणत्यात, यंदा किताबाला तूच."

मी पेढा घेतला आणि त्याच हाताने त्याचे मनगट धरले. बसल्या जागी एकशे आठ.

"कधीपासून?"

"काय?"

"मलगोंडा."

तो हसला, जसा शार्दूल स्वयंपाकघरात हसला होता तसाच. "आक्का, सात-चार हाय की माझं. तुम्हीच सांगितलं न्हवं?"

एप्रिलमध्ये फोनवर जे उजळले होते, त्याचा अर्थ लावायला मी पाच महिने घेतले होते. दहा वर्षे ज्याने एकदाही सुई घेतली नव्हती, त्याच्या हातात परवाना मी दिला होता. भावाला वाचवण्याच्या घाईत, एका वाक्यात.

मी त्याला सगळे सांगितले. तीन ऊती, एक दिवसाआड मात्रा, सव्वीस आणि एकेचाळीस. त्याने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "दादा म्हणतो, ते तीन-दोन तुम्ही मनानं ठोकलं व्हतं. खरं हाय?"

"खरं आहे."

"मग हे सव्वीस आन एकेचाळीस कशावरनं खरं?"

त्याच्या स्वरात खोच नव्हती. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. आणि प्रश्न योग्य होता. ज्याने एकदा आकडा बनवला, त्याच्या पुढच्या प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच्या जागी मीही विचारला असता.

"कशावरूनच नाही," मी म्हणाले. "आकडे राहू दे. इकडे ये."

मी त्याला आतल्या टेबलाशी नेले. पेटीत चकती होती, चकतीत ती ऊती. वरच्या पडद्यावर ती पंजाएवढी दिसत होती. फिकट गुलाबी, आकसणारी, सैलावणारी. एका टोकाशी आकुंचन अर्धवट होत होते. तिथे एक पांढुरका ठिपका होता. आणि दर सातआठ ठोक्यांनंतर एक ठोका चुकत होता.

"हे काय हाय?"

"तू."

तो वाकला. बराच वेळ पाहत राहिला. "केवढंसं हाय," तो म्हणाला, आणि त्याचा उजवा हात छातीवर गेला. आपला हात तिथे गेला आहे हे त्याला कळले नसावे.

"तुझे किती झाले आतापर्यंत?"

तो बोटांवर मोजू लागला. एका हाताची बोटे संपली, मग दुसऱ्या हाताची, मग पुन्हा पहिल्या. "एकवीस."

"हिचे एकोणतीस."

त्याने भराभर हिशेब केला. मला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला. "म्हंजे अजून आठ तरी..."

"माहीत नाही."

"अंदाजानं सांगा की."

"माहीत नाही, मलगोंडा. शार्दूललाही त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

पडद्यावर एक ठोका चुकला.

"तिसावी मात्रा आज द्यायची आहे," मी म्हणाले. "हे बटण. तूच दे."

"मी?"

"स्वतःच्या दंडात देतोस की. तेच औषध. तितकंच."

त्याने तर्जनी बटणावर ठेवली. ती तर्जनी कित्येकांना मानेला धरून गादीवर लोळवणाऱ्या हाताची होती. ती तिथेच राहिली.

"थांबली तर?"

"तर थांबली. पुन्हा चालू होत नाही."

"आन न्हाई थांबली तर?"

"तर परवा एकतिसावी."

यंत्राचा पंखा घुमत होता. ऊती आकसली, सैलावली, आकसली. मग ठोका चुकला आणि पुढचा यायला जरा जास्तच वेळ लागला. मलगोंडाने श्वास रोखून धरला. ठोका आला तेव्हाच त्याने तो सोडला.

त्याने बोट काढून घेतले. जपून, जणू बटण त्याच्या मर्जीविरुद्ध आपणहून दाबले जाईल.

"नको, आक्का," तो म्हणाला. "चालू दे तिला."

"ठीक आहे."

"आता दिलीच न्हाई तर बरी होईल ती?"

"तेही माहीत नाही. कोणी पाहिलेलं नाही."

त्याने मान हलवली. पेढ्यांचा पुडा उचलला, पुन्हा खाली ठेवला. दारापर्यंत जाऊन वळला. "परवा येऊ काय? नुस्तं बघायला."

"ये."

त्याने त्यानंतर सुई सोडली की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. तो गेल्यावर मी नोंदवही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिले:

तिसावी मात्रा दिली नाही. कारण: नमुना ज्याचा आहे, त्याने संमती नाकारली.